टॉर्चचा कागद आणि आईच्या माथी दोष

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नांदेडबरोबरच हिंगोली, परभणीकडूनही माणसे येतात. तिथे आवारातल्या झाडाखाली बसलेल्या एका बहिणीने पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. मी रक्ततपासणीच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, हे तिला कुणीतरी सांगितले होते. तिचे दोनदा गर्भ पडले होते. कागद गावाकडच्या एका खासगी लॅबचा होता. त्यावर लिहिले होते, टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह.

सासू सोबत होती. "हिच्या रक्तातच दोष निघालाय बाई. तुम्ही लोक मटण खाता म्हणून होतं, असं तिथं म्हणाले." पोराचे दुसरे लग्न करायचा विचार घरात चालू आहे, हेही तिने सांगून टाकले. सून खाली मान घालून ऐकत होती.

तो कागद तिचा दोष दाखवत नव्हता. उलट तिच्या बाजूने साक्ष देत होता. कशी, ते समजून घेण्यासाठी या रोगाची थोडी ओळख हवी.

टॉक्सोप्लाझ्मा हा डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी आहे. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मांसो यांना तो एका उंदरासारख्या प्राण्यात सापडला. पुढे १९३९ साली न्यूयॉर्कच्या वुल्फ, काउएन आणि पेज या डॉक्टरांनी जन्मानंतर महिनाभरात दगावलेल्या एका मुलीच्या मेंदूत हाच परजीवी दाखवला, आणि आईच्या पोटातच तो बाळाला गाठू शकतो हे जगाला कळले. तो पसरतो कसा, हे कोडे मात्र १९७० च्या सुमारास सुटले. त्या शोधात भारतात जन्मलेले पशुवैद्यक शास्त्रज्ञ जितेंद्र प्रकाश दुबे यांचा मोठा वाटा आहे. उत्तर निघाले मांजर!

मांजर उंदीर, पाखरे किंवा कच्चे मांस खाते, तेव्हा परजीवी तिच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याची लाखो अंडी बाहेर पडतात. हे बहुधा तिच्या आयुष्यात एकदाच, एक-दोन आठवडे चालते. म्हणून घरच्या मांजरीला हाकलून देण्याचे कारण नाही. पण ही अंडी एक ते पाच दिवसांत रोग देण्याजोगी होतात आणि ओलसर मातीत वर्षभरही तग धरतात. राखेचा ढिगारा, बांधकामावरची वाळू, परसातली भुसभुशीत माती या मांजरीच्या आवडत्या जागा, आणि आपल्या बायाबापड्यांच्या कामाच्याही. खुरपणीहून आलेल्या हाताने भाकरी मोडली, तर अंडी पोटात जातात. मेथीचा घोळाणा नीट न धुता केला, तरी जातात. पाण्यातूनही जातात. तमिळनाडूतल्या कोइंबतूरमध्ये २००४-०५ साली याच रोगाने डोळे बिघडलेले २४८ रुग्ण एका डॉक्टरांच्या गटाने नोंदवले, आणि संशयाची सुई नगरपालिकेच्या पाण्याकडे गेली. क्लोरीनने ही अंडी मरत नाहीत, तुरटीने तर नाहीच. पाणी उकळले की मरतात.

म्हणजे जन्मभर मांसाला हात न लावलेल्या बाईलाही हा रोग होतो. मांसाचा संबंध आहे, नाही असे नाही. बोकडाच्या, मेंढीच्या, डुकराच्या मांसात परजीवीच्या बारीक गाठी असू शकतात, पण चांगल्या शिजलेल्या मांसात त्या जगत नाहीत. आपला रस्सा तासभर रटरटतो, त्यात काही उरत नाही. धोका निखाऱ्यावर अर्धवट भाजलेल्या काळजात आहे, आणि ज्या विळीवर मटण चिरले तिच्यावरच न धुता कांदा-कोथिंबीर चिरण्यात. सवय बदलायची ती एवढीच. "तुम्ही लोक खाता म्हणून" हे वैद्यकशास्त्र नाही, ते दुसरेच काही आहे, आणि ते आपल्याला चांगले ओळखू येते.

मला मात्र मटणापेक्षा शेळीच्या गोठ्याची काळजी जास्त वाटते. लातूर, धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी आज आपल्या कितीतरी घरांचा आधार आहे. शेळी गाभडली की कुणी नजर लागली म्हणते, कुणी कुणाचे नाव घेते. शेळ्या-मेंढ्या गाभडण्यामागे जी खरी कारणे असतात त्यांत टॉक्सोप्लाझ्मा आहे, ब्रुसेला नावाचा जंतूही आहे, आणि हे दोन्ही माणसाला होतात. पडलेले करडू आणि जार उघड्या हाताने कोण उचलते? घरातली बाई. कित्येकदा तीच गरोदर असते. मग तो जार उकिरड्यावर जातो, मांजर खाते, आणि चक्र पुन्हा फिरू लागते. गरोदर बाईला या कामातून पूर्ण सुटी द्या. घरातल्या पुरुषाने हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि पशुवैद्यकाला कळवावे. शेळीचे दूध न उकळता पिऊ नये, लेकरांना तर मुळीच पाजू नये.

आता त्या कागदाकडे येऊ. परजीवी अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करते. आयजीएम आधी दिसते, आयजीजी नंतर येते आणि जन्मभर राहते. बहुतेकांना थोडा ताप, कणकण, मानेला गाठ यापलीकडे काही होत नाही, कित्येकांना तेवढेही नाही. एकदा आयजीजी तयार झाले की ते पुढच्या बाळंतपणांत बाळाची राखण करते. बाळाला धोका असतो तो आईला हा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदाच गरोदरपणात, किंवा दिवस जाण्याच्या अगदी थोडे आधी झाला तर. एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती खचलेल्या बाईची गोष्ट वेगळी, तिथे जुना संसर्ग डोके वर काढू शकतो.

तेव्हा आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह याचा अर्थ सहसा जुना, विझलेला संसर्ग. आणि एकच संसर्ग दर खेपेला गर्भ पाडत नाही. वारंवार गर्भ पडत असेल तर थायरॉईड, साखर, गर्भाशयाची ठेवण, रक्त गोठण्याचे दोष आणि नवरा-बायको दोघांचीही गुणसूत्रे तपासायला हवीत. दोघांचीही, हे सासूबाईंना मी दोनदा सांगितले.

आयजीएम पॉझिटिव्ह आले तरी हाय खाऊ नये. ते काही वेळा वर्षभरही रक्तात रेंगाळते. त्यासाठी 'ॲव्हिडिटी' नावाची तपासणी असते. ती जास्त आली तर संसर्ग निदान तीन-चार महिने जुना आहे, असे धरता येते. म्हणून ती गरोदरपणाच्या सुरुवातीलाच केली तर कामाची. संसर्ग खरोखर नवा असेल तर मात्र उशीर नको. पहिल्या तीन महिन्यांत तो दहापैकी एखाद-दुसऱ्या बाळापर्यंतच पोचतो, पण पोचला तर मेंदूत पाणी होणे, गर्भ पडणे अशी मोठी हानी करतो. शेवटच्या महिन्यांत दहापैकी सहा-सात बाळांपर्यंत पोचतो. ती बहुतेक जन्मताना धडधाकट दिसतात आणि काही वर्षांनी डोळ्याच्या पडद्यावर डाग निघतो. अशा बाळाचे डोळे वेळोवेळी तपासून घ्यावे लागतात. उपचार आहेत. सुरुवातीला स्पायरामायसिन, आणि बाळाला लागण झाल्याचे दिसले तर पुढच्या महिन्यांत दुसरी औषधे. त्यांतले एक पहिल्या तीन महिन्यांत बाळालाच अपाय करू शकते. म्हणून मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या सुरू करू नयेत.

फ्रान्समध्ये १९७८ पासून कायद्याने ही तपासणी होते. आपल्या सरकारी गरोदर तपासणीत ती नाही, पण हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही, गुप्तरोग यांच्या तपासण्या आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती आधी करून घ्या. टॉर्चवर हजारो रुपये घालवण्यापूर्वी त्या तपासणीने आपल्या उपचारात काय बदल होणार आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

त्या बहिणीला मी एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. दिवस जाण्याआधीचा, तारीख असलेला आयजीजी पॉझिटिव्हचा कागद फाडू नका. पुढे गरोदरपणात कुणी पुन्हा टॉक्सोची भीती घातली, तर संसर्ग जुना असल्याचा तोच पुरावा. तिने तो पुन्हा घडी करून माता व बाल संरक्षण कार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवला.