भूकंप आणि आपल्या घराची भिंत

पायांखालची भूमि स्थिर आहे, या विश्वासावरच मनुष्य घर बांधीत असतो. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत तर हा विश्वास विशेष दृढ आहे. दख्खनचें पठार काळ्या खडकाचें, फार पुरातन. तें कसचें हालतें, असें आम्हीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकिलेलें आहे. हाच विश्वास याच मराठवाड्यांतील किल्लारीच्या लोकांचाही होता. त्या वेळच्या भूकंपविषयक नकाशांतही तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. हा विश्वास किती महाग पडला आणि त्यापासून घरमालकांनीं काय शिकावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणपतीचें विसर्जन करून थकलेलीं माणसें आपापल्या घरीं झोंपीं गेलीं होतीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूमि हादरली. कांहीं क्षणांतच लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें दगडमातीचे ढीग होऊन पडलीं. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत सुमारें ८ ते १० हजारांच्या दरम्यान दिलेला आहे. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. या भूकंपाचें परिमाण ६.२ होतें. ६ ते ७ परिमाणाचे भूकंप जगांत दरसाल शंभराहून अधिक होतात, आणि त्यांतील बहुतेकांत एवढा संहार होत नाहीं. मग किल्लारीसच तो कां व्हावा? भूकंपाचें केंद्र फारसें खोल नव्हतें, हें एक कारण होय. परंतु दुसरें आणि मोठें कारण घरांच्या बांधणींत होतें.

तेथील भिंती दिसावयास तटासारख्या जाड होत्या. परंतु त्या एका भिंतीच्या पोटांत वस्तुतः दोन भिंती असत, एक आंतल्या तोंडाची व एक बाहेरच्या. मध्यें दगडांच्या कपच्या आणि माती भरलेली असे. दोहोंस बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. धक्का बसतांच दोन्ही तोंडें एकमेकांपासून सुटलीं आणि भिंती फुटल्या. शिवाय वर माळवद होतें. उन्हाळ्यांत गारवा राहावा आणि पावसांत गळूं नये, म्हणून त्यावर वेळोवेळीं नवी माती पसरीत, पण जुनी काढीत नसत. वाचकांनीं थोडें गणित करून पाहावें. १० फूट लांब व १० फूट रुंद खोलीवर १ फूट जाडीची माती असली, तर ती १०० घनफूट होते. दर घनफुटास सुमारें ४५ किलो वजन धरल्यास एकंदर ४,५०० किलो भरतात. मातीचा थर २ फूट असल्यास ९,००० किलो. एवढें ओझें डोक्यावर घेऊन कुटुंबें निजत होतीं! याउलट त्याच भागांतील कुडाच्या व गवती छपराच्या झोपड्यांस फारशी इजा पोंचली नाहीं. जाड भिंतीच्या वाड्यापेक्षां गरिबाची झोपडी अधिक सुरक्षित ठरली.

आणखी एक गोष्ट मनास बोंचते. १९९२ सालीं त्या भागांत लहान लहान धक्के बसत होते. पुढें ते मंदावले. मधल्या काळांत माळवदांवरील माती उतरविली गेली असती, तर किती जीव वांचले असते, याचा हिशेब करवत नाहीं. त्या ग्रामस्थांस दोष देतां येत नाहीं. आपणांस मात्र आतां अज्ञानाची सबब उरलेली नाहीं.

उभें असलेलें घर न पाडतांही बळकट करितां येतें. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साह्यानें जें पुनर्वसनाचें काम झालें, त्यांत अशा बळकटीचाही समावेश होता. तिचीं मुख्य अंगें चार आहेत. पहिलें, माळवदावरील जादा माती उतरवावी. दुसरें, भिंतींत दर चौरस मीटरास निदान एक याप्रमाणें आरपार भोंक पाडून, त्यांत टोंकें वळविलेली लोखंडी सळई घालावी व काँक्रीट भरावें. म्हणजे भिंतीचीं दोन्ही तोंडें एकत्र राहतात. तिसरें, छपराच्या खालीं भिंतींच्या आंतून व बाहेरून लोखंडी जाळीचा पट्टा सिमेंटच्या गिलाव्यांत बसवावा. लांकडी पिंपाच्या फळ्यांस जशी लोखंडी कडी आवळून धरते, तसा हा पट्टा चारी भिंतींस धरितो. चवथें, लांकडी खांब व तुळई यांच्या सांध्यांस तिरकस आधार द्यावा. हीं सर्व कामें जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानेंच करावीं.

सिमेंटच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनींही निश्चिंत राहूं नये. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां दोनशेंहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेंत अनेक इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळांचा तळमजला गाड्यांसाठीं मोकळा सोडलेला, म्हणजे नुसत्या खांबांवर उभा होता. आमच्या शहरांतही अशा इमारती पावलोपावलीं दिसतात. घर विकत घेतांना फरशी व रंग पाहण्याआधीं खांबांची चौकशी करावी.

आतां विम्याविषयीं. विमा भिंत सांवरीत नाहीं. परंतु पडलेली भिंत पुन्हां उभी करण्यास पैसा देतो. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशांत ‘भारत गृह रक्षा’ या नांवाची ठराविक नमुन्याची पॉलिसी सुरू झाली. आगीप्रमाणेंच भूकंपानें झालेली हानिही तींत मुळांतच धरिलेली आहे. विम्याची रक्कम ठरवितांना जमिनीची किंमत धरूं नये, तर घर नव्यानें बांधण्यास येणारा खर्च धरावा. कारण भूकंपानें घर जातें, जमीन जागेवरच राहते. कागदपत्रांची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गांवच्या आप्तांकडे ठेवावी, म्हणजे ढिगाऱ्याखालीं हक्क गाडला जाणार नाहीं.

शेवटीं आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस एक विनंति आहे. सुटींत आजोळीं जाल, तेव्हां तेथील माळवदावर किती बोटें माती आहे, हें मोजून पाहा. भिंतीस कोठें फुगवटा आला आहे काय, हें डोळसपणें न्याहाळा. निजण्याच्या जागेवर जड कपाट कलंडेल काय, याचा अंदाज घ्या, आणि तें भिंतीस पक्कें करण्यास मामांना सांगा. भूकंप केव्हां होईल, हें कोणासही आधीं सांगतां येत नाहीं. परंतु आजीच्या उशाशीं असलेली भिंत टिकेल कीं नाहीं, हें आजच पाहतां येतें. तेवढें तरी आपण केलेंच पाहिजे.