दर वेळी उष्णताच कशी होईल गं?

अगं, सांगितलंस ते बरं केलंस. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, तरी लघवीची जळजळ परत येतेच आहे ना? मग आई म्हणते तशी ही उष्णता नव्हे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की तो वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग. बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला ई. कोलाय हा जंतू तिकडे शिरतो. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटरची, त्याला कितीसा वेळ लागणार? तुझी स्वच्छता कमी पडली, हे आधी मनातून काढून टाक.

पण देवरुखहून रत्नागिरीला एसटीने जायचं म्हणून तू सकाळपासून पाणी पीत नाहीस, घरी येईपर्यंत लघवी धरून ठेवतेस. घाणेरड्या संडासातून हा संसर्ग क्वचितच होतो. त्याच्या धास्तीने मारलेली तहान मात्र भोवते. दिवसाला दीड लिटरही पाणी न पिणाऱ्या बायकांनी आणखी दीड लिटर वाढवलं, तर हा त्रास निम्म्यावर आला, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. संबंधांनंतरही लघवीला जाऊन येत जा. लग्नानंतर हे बऱ्याच जणींना सुरू होतं. नवऱ्याला औषध लागत नाही.

गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस. आधी कल्चर कर: पहिली धार सोडून मधली लघवी लॅबच्या डबीत. कुठलं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं. मग कोर्स पुरा कर. साखर तपासून घे. खडा आहे का, हे सोनोग्राफीत दिसेल. तरीही थांबलं नाही, तर डॉक्टर काही महिने कमी मात्रेची गोळी देतात. आईलाही विचार, पाळी गेल्यावर हा त्रास होत असेल, तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत कळ किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. दिवस गेले असतील, तर नुसती जळजळही अंगावर काढायची नाही.

मावशी हळब्यांनी १९५४ साली बायकांसाठी दोन खाटांवर मातृमंदिर हा दवाखाना ज्या देवरुखात सुरू केला, त्या गावची तू. डॉक्टरांना सांगायला लाजतेस काय? उद्याच डबी घेऊन जा, आणि रिपोर्ट मला पाठव.