फोटोत मोरपंखी, हातात निळी! ऑनलाइन विक्री आणि छपाईसाठी कोणती कलर स्पेस निवडायची?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण प्रॉडक्ट फोटोंच्या रंगांबद्दल बोललो. कॉम्प्युटरवर करून दाखवताना काही पायऱ्या पटकन निघून जातात, म्हणून सगळं इथे नीट लिहून देतेय. हा लेख सेव्ह करून ठेवा. फोटो काढताना, अपलोड करताना आणि प्रेसला फाइल पाठवताना, तिन्ही वेळा लागेल.

आधी पैशाचं बोलू

समजा, तुम्ही १,८०० रुपयांची साडी ऑनलाइन विकता आणि त्यात तुम्हाला ३०० रुपये सुटतात. ग्राहकाने फोटोत मोरपंखी रंग पाहिला, हातात आली निळी. साडी परत. जायचं कुरिअर ९०, यायचं ९०, पॅकिंग २०. म्हणजे २०० रुपये गेले. पुढची साडी विकून जे ३०० मिळतील, त्यातले २०० आधीच संपले. शिवाय ती ग्राहक पुन्हा येईलच असं नाही.

"रंगात थोडाफार फरक असू शकतो" अशी ओळ टाकली की आपण सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० सालापासून लागू आहेत. जाहिरातीत दाखवलेल्या गुणांप्रमाणे माल नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. त्यामुळे ती ओळ जरूर टाका, पण भरवसा फोटोवर ठेवा.

कलर स्पेस म्हणजे काय?

शाळेतली रंगपेटी आठवा. कोणाकडे १२ खडूंची, कोणाकडे २४ ची. आता मी फोनवर सांगितलं, "पेटीतला सगळ्यात हिरवा खडू घे," तर तुमच्या पेटीतला हिरवा आणि माझ्या पेटीतला हिरवा एकच असेल का? नाही ना!

डिजिटल फोटोत हेच होतं. फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. पण २५५ हिरवा म्हणजे नक्की किती हिरवा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते पेटी सांगते. ती पेटी म्हणजे कलर स्पेस. आणि पेटीवरचं लेबल म्हणजे फोटोसोबत जाणारी कलर प्रोफाइल. लेबल हरवलं किंवा समोरच्या ॲपने वाचलंच नाही, की रंग बिघडले.

चार पेट्यांची ओळख

१. एसआरजीबी: एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेली, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली. पेटी लहान आहे, पण जवळजवळ प्रत्येक मोबाइल, ब्राउझर आणि ॲपला ती कळते. फोटोवर लेबल नसेल तर ब्राउझर तो एसआरजीबीच आहे असं धरून चालतात.

२. ॲडोबी आरजीबी: १९९८ ची. हिरवे आणि निळसर-हिरवे रंग यात जास्त मावतात. छपाईचा विचार करून केलेली पेटी. पण हा फोटो एसआरजीबी समजून दाखवला गेला तर फिका, मेलेला दिसतो.

३. डिस्प्ले पी३: ॲपलची. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनचा कॅमेरा या मोठ्या पेटीत फोटो काढू शकतो.

४. सीएमवायके: ही छपाईच्या शाईची पेटी. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया. स्क्रीन प्रकाश फेकते, कागद प्रकाश परत पाठवतो. म्हणून स्क्रीनवरचा झगमगता केशरी, पोपटी किंवा गर्द निळा कागदावर थोडा बसतोच. त्यात चूक कोणाची नसते, शाईची मर्यादा असते.

मग निवडायची कोणती?

नियम एका ओळीत सांगते, वहीत लिहून घ्या: स्क्रीनसाठी सगळं एसआरजीबीत; छपाईसाठी मूळ फाइल आरजीबीतच सांभाळा आणि सीएमवायके अगदी शेवटी, प्रेसला विचारून.

तुम्ही म्हणाल, "ताई, मोठी पेटी चांगली नाही का?" मोठी पेटी चांगली तेव्हा, जेव्हा समोरच्याकडेही तीच पेटी असते. तुमच्या ग्राहकाकडे कोणता मोबाइल आहे, ती फोटो कोणत्या ॲपमध्ये बघतेय, हे तुमच्या हातात नाही. म्हणून सगळ्यांकडे असलेली पेटी वापरायची. स्वतःचा चांगला फोटो प्रिंटर, तसाच मोठ्या पेटीचा मॉनिटर आणि रंगांची समज असेल, किंवा लॅबने स्वतःहून मागितलं, तरच ॲडोबी आरजीबीच्या वाटेला जा.

पायरी १: फोटो काढताना

डीएसएलआर असेल तर मेनूमध्ये कलर स्पेस शोधा आणि एसआरजीबी करा. एक सोपी खूण सांगते: फाइलचं नाव खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोअरने सुरू होत असेल, तर बहुतेक कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर आहे. रॉ फाइल काढत असाल तर या सेटिंगने फरक पडत नाही. कलर स्पेस एडिटिंगनंतर फाइल बाहेर काढताना ठरते.

आयफोनवाल्यांनो, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "मोस्ट कम्पॅटिबल" निवडलं की फाइल जेपीईजी होते, पण कलर स्पेस बदलत नाही. ती पुढे आपण बदलणार आहोत.

आणि हे लक्षात ठेवा, उजेड चुकला तर कोणतीही कलर स्पेस तुम्हाला वाचवणार नाही. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि वर पिवळा बल्ब असं चालणार नाही. एकाच प्रकारचा उजेड ठेवा. ग्रे कार्ड घ्या, पहिल्या फोटोत मालाशेजारी ठेवा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंना तोच व्हाइट बॅलन्स. ऑटोवर ठेवलंत तर लाल साडीचा एक फोटो थंड आणि दुसरा पिवळट येईल.

पायरी २: स्क्रीनवर बघताना

ज्या स्क्रीनवर तुम्ही रंग ठरवता, तीच खोटं बोलत असेल तर? मोबाइलमध्ये नाइट लाइट, ब्लू लाइट फिल्टर आणि ट्रू टोन बंद करा. सॅमसंगसारख्या फोनमध्ये स्क्रीन मोड "व्हिव्हिड" असतो, तो "नॅचरल" करा. व्हिव्हिडमध्ये राणी कलर इतका भडक दिसतो की आपण तो कमी करतो, आणि मग बाकी सगळ्यांना तो फिका दिसतो. लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल्ल ठेवू नका. छापलेलं काम अंधारं आलं अशी तक्रार असते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

शेवटचा निर्णय घेताना खरा माल हातात घ्या, दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि मगच रंग पक्का करा. आठवणीवर रंग ठरवायचा नाही.

पायरी ३: अपलोड करण्याआधी

आधी तपासा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे कलर रिप्रेझेंटेशनसमोर "एसआरजीबी" असेल तर उत्तम. "अनकॅलिब्रेटेड" असेल तर पेटी बहुतेक वेगळी आहे.

फोटोशॉपमध्ये एडिट मेनूत "कन्व्हर्ट टू प्रोफाइल" घ्या आणि एसआरजीबी निवडा. पैसे खर्च करायचे नसतील तर जिंप मोफत आहे. त्यात इमेज मेनू, कलर मॅनेजमेंट, "कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल". सेव्ह करताना प्रोफाइल जोडायची खूण चालू ठेवा.

इथे दोन शब्दांत गोंधळ होतो. कन्व्हर्ट म्हणजे दुसऱ्या पेटीतला सगळ्यात जवळचा खडू शोधणं. आकडे बदलतात, रंग जसाच्या तसा दिसतो. असाइन म्हणजे पेटी तीच, फक्त वरचं लेबल बदललं. आकडे तेच राहतात, दिसणारा रंग बदलतो. आपल्याला जवळजवळ नेहमी कन्व्हर्टच हवं.

मोरपंखीसारख्या काही रंगांचं काय? गडद निळसर-हिरवे रंग एसआरजीबीत पूर्ण मावत नाहीत, त्यामुळे फोटो थोडा निळ्याकडे झुकू शकतो. अशा मालासाठी दोन गोष्टी करा: वर्णनात रंगाचं नाव स्पष्ट लिहा आणि दिवसाच्या उजेडात काढलेला छोटा व्हिडिओ जोडा. जरीचंही तसंच. जरीची चमक हा रंग नाहीच, ते उजेडाचं परावर्तन आहे. साडी हलवल्याशिवाय ते दिसत नाही.

पायरी ४: छपाईला देताना

पॅम्प्लेट, बॉक्स, लेबल, व्हिजिटिंग कार्ड काहीही असो, फाइल देण्याआधी प्रेसवाल्या दादांना चार प्रश्न विचारा:

१. फाइल आरजीबीत देऊ की सीएमवायकेत?
२. सीएमवायके असेल तर कोणती प्रोफाइल? तुमची आयसीसी फाइल मिळेल का?
३. कागद कोणता, आर्ट पेपर की मॅपलिथो? मॅपलिथो शाई जास्त पितो, रंग दबतात.
४. त्याच मशीनवर, त्याच कागदावर एक प्रूफ काढून मिळेल का?

फोटो लॅबमध्ये साधे फोटो छापायचे असतील तर बहुतेक ठिकाणी एसआरजीबी जेपीईजीच चालते. तिथे उगाच सीएमवायके करून नेऊ नका. प्रेसवाले म्हणाले "काहीही द्या, चालतं", तर प्रोफाइल जोडलेली एसआरजीबी फाइल द्या आणि प्रूफचे पैसे आनंदाने द्या. ४ रुपयांचं एक अशी २,००० पॅम्प्लेट म्हणजे ८,००० रुपये. प्रूफवर सही करण्याआधीची पाच मिनिटं हे ८,००० वाचवतात.

फोटोशॉप असेल तर प्रेसने दिलेली प्रोफाइल लावून "प्रूफ कलर्स" चालू करा. कोणता रंग बसणार आहे ते छापण्याआधीच दिसेल.

आणखी तीन गोष्टी कायम लक्षात ठेवा:

- एकदा सीएमवायके केलेली फाइल परत आरजीबी केली तरी गेलेले रंग परत येत नाहीत. म्हणून मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.
- छपाईतली बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाया मिसळल्या तर अक्षरांच्या कडा पुसट होऊ शकतात.
- सीएमवायके केलेली फाइल इन्स्टाग्रामला किंवा ग्राहकाला पाठवू नका. काही ॲपमध्ये रंग भलतेच दिसतात.

तुमच्या लोगोचा रंग

समजा तुमचा लोगो भगवा आहे. बोर्डवर एक भगवा, बिलावर दुसरा, बॉक्सवर तिसरा, असं झालं तर ग्राहकाच्या डोक्यात ब्रँड बसत नाही. एका कार्डावर लिहून ठेवा: स्क्रीनसाठी आरजीबीचे आकडे, छपाईसाठी सीएमवायकेचे आकडे. पॅकिंग मोठ्या प्रमाणावर छापत असाल तर पँटोन नंबरही घ्या. त्यात शाई आधीच मिसळून तयार असते, त्यामुळे दरवेळी रंग बराच सारखा येतो. नवीन प्रेस निवडली की फाइलसोबत हे कार्ड आणि आधीच्या चांगल्या छपाईचा एक नमुना द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा सगळ्यात जास्त परत येणारा माल कोणता? त्याचे पाच फोटो उघडा, कलर स्पेस तपासा, एसआरजीबीत कन्व्हर्ट करा आणि खऱ्या मालाशी दिवसाच्या उजेडात ताडून बघा. मग घरातल्या तीन वेगवेगळ्या मोबाइलवर तोच फोटो उघडा. तिन्हीवर थोडा फरक दिसेलच, पण लाल हा लालच दिसला पाहिजे, मरून नाही. पुढचा महिनाभर "रंग वेगळा" म्हणून परत आलेल्या मालाची वेगळी नोंद ठेवा. फोटो सुधारले की नाही, ते तुमची वहीच सांगेल.

पुढच्या व्हिडिओत बघू, प्रॉडक्ट फोटोसाठी घरच्या घरी कमी खर्चात लाइटचा सेटअप कसा करायचा. भेटूया!