सेबुआनो भाषेंत क्षमेचे शब्द

शास्त्रपाठ : मत्तय ६:९-१५, मत्तय १८:२१-३५, लूक १९:१-१०



क्षमेविषयीं उपदेश आपल्या मंडळ्यांत पुष्कळ होतो. परंतु शेताच्या बांधावरून किंवा लग्नांतील मानपानावरून दोन घरें तुटलीं, म्हणजे एकमेकांपाशीं जाऊन काय बोलावें हें पुष्कळांस सुचत नाहीं. आपल्या भाषेचे शब्द कानांच्या इतके सवयीचे झालेले असतात कीं, त्यांचा अर्थ मनांत शिरत नाहीं. तोच विषय परक्या भाषेंत शिकूं लागलें म्हणजे शब्दाशब्दापाशीं थांबावें लागतें. म्हणून फिलिपाइन्स बेटांतील सेबुआनो भाषेंत क्षमा कशी मागतात व कशी करितात, हें ह्या पाठांत आम्ही सांगणार आहों.

ही भाषा सेबू, बोहोल, नेग्रोस बेटाचा पूर्व भाग व मिंडनाओ बेटाचा मोठा प्रदेश येथील कोटीहून अधिक लोक बोलतात. सेबू येथें ख्रिस्ती धर्म १५२१ सालीं मॅगेलनबरोबर प्रथम पोहोंचला. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचें कार्य अमेरिकन अंमलाच्या आरंभीं सुरू झालें. प्रेस्बिटेरियन मिशनने १९०१ सालीं नेग्रोस बेटावरील दुमागेते येथें सिलिमन विद्यालय काढिलें. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच बोर्डानें पुढें मिंडनाओ बेटावरहि काम केलें. अशा रीतीनें तेथील मंडळ्यांशीं आपलें जुनें नातें आहे.

१. लहान चूक व मोठा अपराध. वाटेंत धक्का लागला किंवा पाहुण्यांस वाट पाहावी लागली, तर सेबुआनो मनुष्य ‘पासेन्स्या’ असें म्हणतो. हा शब्द स्पॅनिश भाषेंतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘धीर’ असा आहे. आपण ‘सांभाळून घ्या’ म्हणतों, तसेंच हें. परंतु ज्यानें खरोखर कोणाचें मन दुखविलें आहे, तो ‘पासायलोआ को’, म्हणजे ‘मला क्षमा कर’, असें म्हणतो. दोन्ही शब्द आपापल्या जागीं योग्य आहेत. भावाची निंदा करून मग ‘सांभाळून घे’ एवढेंच म्हणणें म्हणजे मोठें देणें दमडीनें फेडूं पाहणें होय.

२. शब्दाची घडण. ‘सायलो’ म्हणजे ओलांडून पुढें जाणें. त्यास ‘पा’ हें अक्षर आरंभीं जोडलें म्हणजे ‘जाऊं देणें’ असा भाव येतो. ‘पासायलो’ ह्या शब्दांत ही घडण दिसते. अपराध घडलाच नाहीं असें क्षमा करणारा म्हणत नाहीं. घडलेला अपराध तो आपल्या दारांत अडवून ठेवीत नाहीं, पुढें जाऊं देतो. तथापि ह्याचा अर्थ असा नव्हे कीं, ज्यानें दुसऱ्याची जमीन दाबली त्यानें ती खुशाल ठेवावी. जक्कयानें काय केलें तें लूकच्या एकोणिसाव्या अध्यायांत वाचा. जो क्षमा मागतो, त्यानें घेतलेलें परत करावें.

३. ‘केली’ आणि ‘करीन’. क्षमा मागणाऱ्यास उत्तर देतांना ‘गिपासायलो तिका’ असें म्हणतात. येथें ‘गि’ हें अक्षर क्रिया होऊन चुकल्याचें दाखवितें. म्हणून अर्थ होतो, ‘मीं तुला क्षमा केली आहे.’ ‘पासायलोओन तिका’ म्हटलें, तर ‘मी तुला क्षमा करीन’ असा पुढचा वायदा होतो. आपल्या गांवांत ‘बघूं पुढें, करीन क्षमा’ असें बोलून वर्षें काढणारे थोडे नाहींत. ‘तिका’ हा शब्दहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ‘मी’ आणि ‘तुला’ हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दांत सामावले आहेत. जे दोघे बोलतहि नव्हते, ते क्षमेच्या वाक्यांत एका शब्दांत येतात.

४. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजींत ह्या दोहोंस एकच शब्द आहे. परंतु मराठीप्रमाणें सेबुआनोंतहि दोन आहेत. ‘कामी’ म्हणजे ऐकणाऱ्यास सोडून आम्ही. ‘किता’ म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण. देवापाशीं प्रार्थना करितांना ‘पासायलोआ कामी’ म्हणावें लागतें, ‘किता’ म्हणतां येत नाहीं. कारण देवाला क्षमेची गरज नाहीं, ती आम्हांस आहे. परंतु ह्या ‘कामी’मध्यें उपदेशक, पाटील, मजूर व विधवा हीं सर्व सारखींच येतात. शेजाऱ्याचा अपराध मोजणारा मनुष्यहि त्याच शब्दांत शेजाऱ्याबरोबर उभा असतो.

५. ‘उतांग’ म्हणजे कर्ज. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील प्रार्थनेंत पापास ऋण म्हटलें आहे. सेबुआनो शास्त्रांत तेथें ‘उतांग’ हा बाजारांतील रोजचा शब्द आला आहे. सावकाराची वही ज्यानें पाहिली आहे, त्यास हें समजावून सांगणें नलगे. अठराव्या अध्यायांतील चाकराचें देणें दहा हजार तलांत होतें. एक तलांत म्हणजे सुमारें सहा हजार दिनार, आणि दिनार ही एका दिवसाची मजुरी; तेव्हां तें देणें सहा कोटि दिवसांच्या मजुरीइतकें झालें. तें सुटल्यावर बाहेर जाऊन त्यानें केवळ शंभर दिनारांसाठीं सोबत्याचा गळा धरिला. आपल्या हातीं कोणाचा गळा आहे, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं पाहावें.

उपदेशकांस आमची विनंति आहे कीं, प्रभुभोजनाच्या आधींच्या आठवड्यांत हा पाठ घ्यावा, आणि ज्या घरांचें बोलणें बंद आहे तेथें स्वतः जावें. ज्याचें नुकसान झालें आहे, त्याच्याकडून चारचौघांत दडपणानें क्षमेचे शब्द वदवून घेऊं नयेत. आधीं अपराध्यास ‘पासायलोआ को’ म्हणावयास शिकवावें. मग दुसऱ्यास ‘गिपासायलो तिका’ म्हणण्याचें बळ प्रभूपाशीं त्याच्याबरोबर बसून मागावें.

वर्गासाठीं प्रश्न

(१) ‘सांभाळून घ्या’ व ‘क्षमा करा’ ह्यांत भेद काय?
(२) ‘गिपासायलो’ व ‘पासायलोओन’ ह्यांपैकीं कोणता शब्द आपल्या तोंडीं अधिक असतो?
(३) देवापाशीं ‘कामी’ कां म्हणावें लागतें?
(४) ह्या आठवड्यांत ‘मीं तुला क्षमा केली आहे’ हें आपण कोणास सांगावयाचें आहे?