न पुसणारी स्मृति

वर्गांत संगणकाचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "वीज बंद होतांच यंत्राची स्मृति पुसली जाते, असें आपण सांगितलेंत, मग दुसऱ्या दिवशीं तें जागें होतें तें कशाच्या आठवणीवर?" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर येथें सर्वांसाठीं देत आहों.

संगणकांत स्मृति दोन प्रकारची असते. एक फळ्यासारखी : काम चालेपर्यंत लिहिलेलें राहतें, वीज जातांच कोरें होतें. दुसरी शिलालेखासारखी : वीज असो वा नसो, मजकूर कायम. जागें होतांच प्रथम काय करावें, ह्याच्या सूचना यंत्रास ह्या दुसऱ्या स्मृतींतून मिळतात. तिला रीड ओन्ली मेमरी, संक्षेपानें रॉम, म्हणतात.

इ. स. १९६९ सालीं मानव चंद्रावर उतरला, तेव्हां अपोलो यानांतील संगणकाची कायम स्मृति अक्षरशः विणलेली होती. अमेरिकेंतील वॉल्थम येथील कारखान्यांत कुशल स्त्रिया चुंबकीय कड्यांतून तारा ओवीत. तार कड्यांतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. यंत्राच्या भाषेंतील ३६,८६४ शब्द तींत गुंफलेले होते. विणल्यावर चूक सांपडली तर दुरुस्ती फार कष्टाची. म्हणून प्रत्येक सूचना आधींच तपासून घ्यावी लागे.

सिलिकॉनच्या चिपेंतही हीच अडचण होती, आणि रॉमचे निरनिराळे प्रकार ती दूर करण्याच्या प्रयत्नांतूनच निघाले.

पहिला प्रकार मास्क रॉम. हिचा मजकूर कारखान्यांतच चिपेच्या रचनेंत बसवितात. एकसारखे हजारों नग करावयाचे असल्यास ही स्वस्त पडते. मात्र एक चूक राहिली तर सारे नग वायां जातात.

दुसरा प्रॉम. ही युक्ति १९५६ सालीं वेन त्सिंग चाउ यांनीं ॲटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठीं काढली. कोऱ्या स्मृतींत सूक्ष्म फ्यूज असतात. त्यांतील हवे तेवढे जाळले कीं मजकूर उमटतो. जळलेला फ्यूज पुन्हा जुळत नाहीं, म्हणून येथें लिहिणें एकदांच.

तिसरा ईप्रॉम. सदोष चिपांचा तपास करीत असतां इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांस ही कल्पना सुचली व १९७१ सालीं चिप तयार झाली. हिच्यांत विद्युद्भार कोंडून मजकूर राखतात. माथ्यावर क्वार्ट्झची पारदर्शक खिडकी असते; तींतून अतिनील किरण कांहीं मिनिटें पाडले कीं सर्व मजकूर पुसला जातो, आणि पुन्हा लिहितां येतें.

चौथा ईईप्रॉम. हिला किरण नकोत. चिप यंत्रांतून न काढतां विजेनेंच हवा तो अंश बदलतां येतो.

हिचीच धाकटी बहीण फ्लॅश. तोशिबांतील फुजिओ मासुओका यांनीं ती १९८४ सालीं विद्वानांपुढें मांडली. ही एकदम मोठा भाग पुसते. कॅमेऱ्याचा दिवा लखकन् चमकावा तशी, म्हणून हें नांव. आपल्या फोनांत हीच असते.

येणेंप्रमाणें चूक सुधारणें सोपें झालें. परंतु पुसणेंही सोपें झालें. १९९८ सालीं तैवानांतील एका विद्यार्थ्यानें एक घातक प्रोग्राम रचला. २६ एप्रिल १९९९ रोजीं त्यानें जगांतील पुष्कळ संगणकांच्या फ्लॅश स्मृतींतील आरंभींच्या सूचनाच बिघडवून टाकिल्या, आणि तीं यंत्रें जागीं होईनात. तेव्हां चूक सुधारण्याची वाट मोकळी असावी, पण त्या वाटेवर पहाराही असावा, हाच ह्या इतिहासाचा बोध होय. बुद्धीस दिशा नसली तर काय होतें, तेंही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

शेवटीं एक अभ्यास. जुनें, बंद पडलेलें यंत्र हातीं आल्यास वडीलधाऱ्यांच्या देखत उघडून पाहावें. एखाद्या चिपेच्या खिडकीवर कागदाची पट्टी चिकटविलेली दिसली, तर ती कां लाविली असावी ह्याचा विचार करून उत्तर आम्हांस येऊन सांगावें.