पाण्याची उलटतपासणी



तुझे पत्र पावले. विज्ञानाच्या परीक्षेसाठी पाण्याच्या रासायनिक व भौतिक गुणधर्मांची लांबलचक यादी तू मुखोद्गत केलीस, आणि तरीही पाणी सामान्य तापमानाला द्रवरूपच का असावे, या प्राध्यापकांच्या एका साध्या प्रश्नापुढे तू निरुत्तर झालास, याचा तुला विषाद वाटतो. मला त्यात काही विपरीत दिसत नाही. यादी हा दफ्तरातला तपशील. त्यावरून निवाडा करणे हे निराळे काम, आणि ते शिकविण्याची जोखीम आपली पाठ्यपुस्तके सहसा पत्करीत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत खरी अडचण अशी की, आपण त्यालाच प्रमाण मानून इतर पदार्थांची मोजदाद करतो. ते गोठते तो शून्य अंश, उकळते तो शंभर; त्याच्या एका ग्रॅमचे तापमान एका अंशाने चढविणारी उष्णता ती एक कॅलरी; त्याच्या घनतेशी इतरांच्या घनतेचे गुणोत्तर ती विशिष्ट घनता. ज्या कारकुनाच्या हाती साऱ्या तालुक्याचा हिशेब, त्याच्या स्वतःच्या हिशेबाची झडती घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही, तसे हे झाले आहे. आणि म्हणून हा द्रव किती अपवादात्मक आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

त्याच्या घटनेचा मामला थोडक्यात आटोपतो. आपल्या पंचमहाभूतांत आणि ग्रीकांच्या चार तत्त्वांत जे मूलद्रव्य म्हणून शतकानुशतके मान घेत आले, ते संयुग असल्याचे १७८३ साली लाव्हाझिएने पॅरिसात जाहीर केले. त्यापूर्वीच कॅव्हेंडिशने लंडनमध्ये हायड्रोजन जाळून पाणी मिळविले होते, परंतु त्याचा सरळ अर्थ लावण्याचे श्रेय लाव्हाझिएकडे जाते. पुढे १८०० मध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या विद्युत्घटमालेने पाण्याचे पृथक्करण केले, तेव्हा उलट बाजूनेही रुजवात झाली. आकारमानाने दोनास एक, वजनाने एकास आठ. हे तुला येतेच.

आता प्राध्यापकांच्या प्रश्नाकडे ये. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम आहेत. त्यांची हायड्रोजनशी झालेली संयुगे अनुक्रमे उणे ६०, उणे ४१ आणि उणे २ अंशांच्या सुमारास उकळतात. किप्पच्या उपकरणातून निघणारा तो दुर्गंधी वायू यांपैकीच पहिला. रेणू जितका हलका तितका उत्कलनबिंदू खाली, हा क्रम पाण्यानेही पाळला असता तर ते उणे साठाच्याही खाली उकळून पृथ्वीवर केवळ वायुरूपाने राहिले असते. प्रत्यक्षात ते शंभर अंशांपर्यंत धरून राहते, कारण त्याचे रेणू एकमेकांस सोडीत नाहीत. ऑक्सिजनच्या दोन बाजूंस हायड्रोजन सरळ रेषेत नसून सुमारे साडेएकशेचार अंशांचा कोन करून बसलेले असतात. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण राहून एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन-बंध १९२० साली लॅटिमर आणि रोडबुश यांनी मांडला. रेणूच्या अंतर्गत बंधाच्या मानाने तो फारच दुबळा आहे, पण तुझ्या यादीतील बहुतेक कलमे त्याच्याच अमलाखाली येतात, एवढे ध्यानात ठेवलेस तर पाठांतराचे निम्मे श्रम वाचतील.

उष्णतेचेच पाहा. एक ग्रॅम बर्फ शून्य अंशावरच वितळविण्यास ८० कॅलरी लागतात, ते पाणी शंभर अंशांवर नेण्यास आणखी १००, आणि तेथून त्याची वाफ करण्यास सुमारे ५४०; म्हणजे उकळू लागेपर्यंत जो खर्च झाला त्याच्या तिप्पट खर्च शेवटच्या टप्प्यात, तोही थर्मामीटरवर कसलीच नोंद न होता. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकात या अप्रकट उष्णतेचा छडा लावला. त्यातला बहुतेक खर्च बंध तोडण्याकडे जातो. वाफेने भाजलेले आधणाने भाजलेल्यापेक्षा अधिक जिव्हारी का लागते, याचा खुलासा यातच आहे, कारण अंगावर निवून पाणी होताना वाफ ते सारे देणे परत करते. वैशाखातल्या माठाचा न्यायही हाच. तीस अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाणी झिरपून उडून गेले तर ते सुमारे ५८० कॅलरी नेते, आणि त्या सर्वच्या सर्व माठातील पाण्यातून गेल्या तर ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी निवावे. तुमच्या नागपूरच्या कोरड्या हवेत माठ गार होतो तसा आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत होत नाही, ही तक्रार माहेरी आली की तुझी आई दरवर्षी करते, आणि ती शास्त्राला धरून आहे.

मे महिन्यात नागपूर चाळीस अंशांपलीकडे तापत असता रत्नागिरी तेहतीस-चौतिसांपाशी थबकते, तेही पाण्याच्या विशिष्ट उष्णतेमुळे. तितक्याच वजनाचे तापमान तितकेच चढविण्यास कोरड्या मातीला पाण्याच्या साधारण पंचमांश उष्णता पुरते, समुद्राला मातीच्या पाचपट लागते. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहण्याचे मूळ याच तफावतीत आहे.

बर्फ तरंगते, याविषयी मात्र एक इशारा. पाणी चार अंशांपर्यंत इतर द्रवांप्रमाणे आक्रसते, त्याखाली प्रसरण पावू लागते, आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, कारण बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी ठरावीक अंतरावर बांधला जाऊन मधे पोकळ्या राहतात. म्हणूनच कडक हिवाळ्यात काश्मीरचे दल सरोवर वरून गोठते आणि खाली मासे जगतात. परंतु माशांच्या रक्षणार्थ निसर्गाने ही योजना केली, असे उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. परिणाम सुखावह असला म्हणून तो हेतू ठरत नाही. जलवाहिन्या आणि खडक फोडणारे प्रसरणही तेच आहे.

पाण्याच्या विद्रावक शक्तीविषयी विस्तार करीत नाही. आपल्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार उचलून दुष्फेन बनते, त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. आणि लोणारच्या विवरात बाहेर जाण्यास वाट नसल्यामुळे पाणी उडून जाऊन क्षार मागे राहतात व सरोवर तीव्र अल्कधर्मी होते, एवढे दोन दाखले पुरेत.

परीक्षा संपल्यावर एक काम कर. नवा माठ पाण्याने भरून सावलीत ठेव. सकाळी व सायंकाळी त्याचे वजन आणि आतील पाण्याचे तापमान टिपून घे. किती पाणी उडाले, त्या हिशेबाने किती अंश उतरावयास हवे होते आणि प्रत्यक्षात किती उतरले, याचा ताळा मांड. तो जमणार नाही. बाहेरच्या हवेतून माठात किती उष्णता शिरली ते त्या तुटीवरून काढ. त्याच दिवशी मी इकडे तोच प्रयोग करीन. थर्मामीटर प्रयोगशाळेतून रीतसर नोंद करून आण, आणि आकडे खाडाखोड न करता जसेच्या तसे टपालाने पाठव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा