‘पाय’ आणि ‘फूट’ : शब्दांची भावकी



मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, “बाई, आपण म्हणतो नाव आणि इंग्रजीत नेम. कोणी कोणाचं बघून घेतलं?” मी पटकन सांगून टाकलं, “त्यांनी आपलं घेतलं.” मुलं खूश झाली. घरी येऊन वाचल्यावर मात्र कळलं, की मी चुकीचं शिकवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली आणि हा पाठ घेतला.

इथे कोणी कोणाचं घेतलेलं नाही. १७८६ मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटीत एक भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आज उरलेली नाही, असं त्याने मांडलं. त्या मूळ भाषेला आज आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. तिचा एकही लेख सापडलेला नाही. तिच्या लेकी-नातींची तुलना करून अभ्यासकांनी तिचे शब्द जुळवले. असा जुळवलेला शब्द ओळखू यावा म्हणून त्याच्याआधी चांदणी काढतात. उदा. *पेद् म्हणजे पाय.

पण नुसतं सारखं दिसून नातं ठरत नाही, नियम लागतो. परीकथांमुळे आपल्या ओळखीचा असलेल्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये तो नीट मांडला. इंग्रजी ज्या घराण्यातली आहे, तिथे मूळचा ‘प’ ‘फ’ झाला आणि ‘द’ ‘ट’ झाला. संस्कृत आणि लॅटिनमध्ये ते तसेच राहिले. मी फळ्यावर लिहिलं :

संस्कृत – लॅटिन – इंग्रजी
पाद – पेद् – फूट
पितृ – पातेर – फादर
दन्त – देन्त् – टूथ
दश – देकेम – टेन
द्वि – दुओ – टू

‘फूट’मध्ये दोन्ही बदल एकदम दिसतात. आपले पाय, दात, दहा, दोन हे संस्कृत रांगेतूनच प्राकृतामार्फत आले.

लगेच एक मुलगी म्हणाली, “मग डेंटिस्टमध्ये ट का नाही?” किती छान प्रश्न! तो शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून उसना घेतला आणि फ्रेंच ही लॅटिनची लेक. इंग्रजीचा घरचा शब्द ‘टूथ’च. म्हणजे नातं वेगळं आणि उसनवारी वेगळी.

आपल्याकडेही असंच आहे. ‘पाव किलो’मधला पाव ‘पाद’वरून, म्हणजे चौथा भाग. वडापावातला पाव मात्र पोर्तुगीजांकडून आला. दिसायला जुळे, पण सख्खे नाहीत.

वर्गातल्या एका मुलाच्या घरी कन्नड बोलतात. तो हळूच म्हणाला, “आमच्यात दाताला हल्लु म्हणतात, दहाला हत्तु.” ते या तक्त्यात बसत नाहीत, कारण कन्नड द्राविड कुळातली, तिची भावकी वेगळी. तमिळ, तेलुगू तिच्या बहिणी. भावकी वेगळी म्हणून भाषा कमी ठरत नाही, हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं. मग त्याने एक ते दहा कन्नडमध्ये म्हणून दाखवले आणि वर्गाने ते त्याच्यामागून म्हटले.

घरी करण्यासाठी : मराठीत ‘ते नाव’ आणि ‘ती नाव’ असे दोन शब्द आहेत. एकाचा नातेवाईक ‘नेम’, दुसऱ्याचा ‘नेव्ही’. कोणता कोणाचा, हे मुलांनाच शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका. मी घाई केली आणि चुकले!